फॉरमॅट मारला आणि प्लगिन गेले

या वेळी मेल आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले प्रश्न जवळपास सगळे एकाच दुखण्याचे आहेत. कारण उघड आहे, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून आपल्यातले कित्येकजण एकतर विंडोज ११ टाकतायत नाहीतर नवीन मशीन घेतायत, आणि सगळं झाल्यावर गाणं उघडलं की प्लगिन (म्हणजे गाणी करायच्या सॉफ्टवेअरला जोडायचं वाद्याचं किंवा इफेक्टचं सॉफ्टवेअर) विचारतंय, आपण कोण? ज्या पत्रांत एखाद्या कंपनीबद्दल तक्रार होती तिथलं कंपनीचं नाव काढलंय, कारण त्यांची बाजू काही आपल्याकडे आलेली नाही.

प्रश्न: ताई नमस्कार. घरीच छोटा सेटअप आहे, भजनी मंडळांची आणि गणपतीची गाणी करतो. एक सिंथचं प्लगिन पैसे भरून घेतलंय, बिल आहे, सीरियल नंबर आहे. मध्ये व्हायरस आला म्हणून फॉरमॅट मारला, मग एसएसडी टाकली तेव्हा परत आणि आता विंडोज ११ साठी परत. आता सीरियल टाकला की अ‍ॅक्टिव्हेशनची लिमिट संपली असा मेसेज येतो. अहो कॉम्प्युटर तोच आहे, एकच आहे माझ्याकडे! दरवेळी प्लगिन नीट अनइन्स्टॉल पण केलं होतं. पैसे भरून चोर ठरलो का मी? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर: चोर वगैरे काही नाही हो. तुमचा कॉम्प्युटर एकच आहे हे तुम्हाला माहितीये, कंपनीच्या सर्व्हरला नाही. अ‍ॅक्टिव्हेट करताना प्लगिन काय करतं, तर तुमच्या मशीनच्या खुणा गोळा करतं. डिस्कचा नंबर, मदरबोर्डचा नंबर, नेटवर्क कार्डचा पत्ता, आणि विंडोज टाकताना विंडोजने स्वतःच तयार केलेला एक नंबर. यातलं कोण काय धरतं ते कंपनीगणिक वेगळं, पण जे धरलं त्याचा मिळून एक कोड बनतो आणि तो सर्व्हरवर तुमच्या सीरियलसमोर लिहिला जातो. आता विंडोज नव्याने टाकलं की तो विंडोजवाला नंबर बदलतो, एसएसडी टाकली की डिस्कचा नंबर बदलतो, म्हणजे तुमच्या लेखी एकच टेबल, एकच खुर्ची, एकच कॉम्प्युटर आणि सर्व्हरच्या लेखी दरवेळी नवं मशीन. मर्यादा कॉम्प्युटरवर नसते, या नोंदींवर असते.

आणि अनइन्स्टॉलचं म्हणाल तर अनइन्स्टॉल केल्याने फक्त फायली जातात, सर्व्हरवरची नोंद तशीच राहते. नोंद सोडवायची तर डीअ‍ॅक्टिव्हेट नावाचं वेगळं बटण असतं, काही ठिकाणी ते प्लगिनच्या आतच असतं, काही ठिकाणी कंपनीच्या मॅनेजर अ‍ॅपमध्ये, काही ठिकाणी वेबसाइटवर तुमच्या अकाउंटमध्ये, आणि काही ठिकाणी नसतंच. फॉरमॅट मारायच्या आधी ते शोधायचं असतं. हे खरेदीच्या वेळी कुणीच ठळक सांगत नाही याचा मला खरंच राग आहे, सेलचा टायमर मात्र स्क्रीनभर असतो.

आता तुम्ही काय करायचं. आधी वेबसाइटवर लॉगिन करून बघा की तुमच्या मशीनची यादी दिसते का, डेस्कटॉप आणि पुढे काहीतरी अगम्य अक्षरं अशी नावं असतील, त्यातली जुनी काढून टाका. यादीच नसेल तर एसएसडी टाकताना जी जुनी हार्ड डिस्क काढली ती कुठाय? पुसली नसेल आणि तिच्यावर ते आधीचं विंडोज अजून असेल तर ती परत जोडून त्यावरनं मशीन चालू करून बघा, अनइन्स्टॉल केलेलं प्लगिन तिथे परत टाकलं तर ते अजून अ‍ॅक्टिव्हेट असू शकतं, आणि बटण असेल तर तिथूनच डीअ‍ॅक्टिव्हेट मारता येईल. बरेचजण ही डिस्क लगेच पेन ड्राइव्हसारखी वापरायला घेतात, थोडे दिवस थांबत चला.

हेही नाही जमलं तर सपोर्टला मेल. ऑर्डर नंबर, ज्या ईमेलवर खरेदी केली तो ईमेल, सीरियल, मेसेजचा स्क्रीनशॉट आणि दोन ओळी: कॉम्प्युटर तोच आहे, विंडोज पुन्हा टाकलं आणि डिस्क बदलली, कृपया अ‍ॅक्टिव्हेशन रिसेट करा. बस. मी किती वर्षं इमानदारीने सॉफ्टवेअर विकत घेतोय असं पानभर लिहू नका, समोरचा माणूस दिवसभर हेच करतोय आणि त्याला फक्त ऑर्डर नंबर हवाय. बिल असेल तर सहसा फार प्रश्न न विचारता रिसेट करून देतात. फक्त बहुतेक कंपन्या युरोप-अमेरिकेतल्या, शनिवार-रविवारी उत्तर येत नाही, नाताळात तर अजिबात नाही, त्यामुळे गणपतीच्या आदल्या आठवड्यात फॉरमॅट मारायचा आणि मग मेलची वाट बघायची हे धंदे करू नका.

एक आणखी, आणि हे सगळ्यांनाच. मशीनला हात लावायच्या आधी चालू कामातल्या गाण्यांचे सगळे ट्रॅक वेगवेगळे वेव्ह फाइल म्हणून काढून ठेवा, प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या पहिल्या क्षणापासून, मध्ये रिकामं असलं तरी. म्हणजे प्लगिन महिनाभर रुसलं तरी गाणं कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उभं राहतं आणि मंडळाला तारीख देता येते. वेळ जातो, जागा जाते, पण करा.

प्रश्न: एफएल स्टुडिओ (गाणी आणि बीट बनवायचं सॉफ्टवेअर) ओरिजिनल घेतलंय. फॉरमॅटनंतर परत टाकलं तर ट्रायल दाखवतंय आणि माझेच प्रोजेक्ट उघडत नाहीयेत. लायसन्स संपलं का? (चिपळूण)

उत्तर: नाही संपलं, एफएलचं लायसन्स संपत नाही, उलट पुढची व्हर्जनही फुकट मिळत राहतात. तुम्ही फक्त लॉगिन केलेलं नाहीये. ट्रायलमध्ये प्रोजेक्ट सेव्ह होतो पण सेव्ह केलेला परत नीट उघडता येत नाही, ती त्यांची मुद्दाम ठेवलेली अट आहे, तुमच्या फायली खराब झालेल्या नाहीत. हेल्प मेनूतल्या अबाउटमध्ये जाऊन इमेज-लाइनच्या (एफएल बनवणारी बेल्जियमची कंपनी) अकाउंटने अनलॉक करा. स्वतःच्या कितीही मशीनवर टाका, वापरणारे तुम्ही एकटेच असलात की झालं, आणि विंडोज-मॅक दोन्हीकडे तेच लायसन्स चालतं. स्टुडिओत नेट नसेल तर अकाउंटमधून रजिस्ट्रेशनची छोटी फाइल दुसरीकडे डाउनलोड करून पेन ड्राइव्हवरून आणता येते. या बाबतीत बेल्जियमवाल्यांना माझे पूर्ण मार्क.

प्रश्न: मॅडम, लॅपटॉपचा मदरबोर्ड पाण्याने गेला. दुकानदाराने दुसरा टाकून दिला, डिस्क तीच, विंडोज तेच, सगळं जसंच्या तसं. पण आयलॉकवाली प्लगिन उघडत नाहीत. आयलॉक मॅनेजरमध्ये जुनं मशीन अजून दिसतंय आणि त्यावर लायसन्स अडकलंय, ते काढताच येत नाहीये. नवीन डाँगल घ्यावं का? आमच्याकडे सगळे म्हणतात डाँगल म्हणजे जुना जमाना. (नागपूर)

उत्तर: आयलॉक म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या प्लगिनची लायसन्स सांभाळणारी पद्धत. त्यात लायसन्स तीन ठिकाणी राहू शकतं: यूएसबीच्या आयलॉकवर (हेच ते डाँगल), कॉम्प्युटरवर किंवा क्लाउडवर. यातलं कुठे ठेवू द्यायचं हे प्लगिन बनवणारी कंपनी ठरवते, त्यामुळे एकच प्लगिन क्लाउडवर जाईल आणि दुसरं नाही जाणार. तुमचं कॉम्प्युटरवर होतं. ते काढायचं तर त्याच कॉम्प्युटरवरून काढावं लागतं, आणि मदरबोर्ड बदलल्यावर तो कॉम्प्युटर आयलॉकच्या दृष्टीने या जगात राहिलाच नाही. तेव्हा दुकानदाराला बोल लावू नका. ज्या कंपनीचं प्लगिन आहे तिच्या सपोर्टला लिहा, मशीन दुरुस्त झाल्याचं बिल जोडा, लायसन्स परत द्यायचा अधिकार त्यांच्याकडे असतो. प्लगिन चार कंपन्यांची असतील तर चार मेल, त्याला इलाज नाही.

आता डाँगलचं. लोक नाकं मुरडतात खरं, पण ज्याचं मशीन सारखं उघडलं-मिटलं जातं त्याच्यासाठी यूएसबी आयलॉकइतकी निवांत गोष्ट नाही. फॉरमॅट मारा, मदरबोर्ड बदला, दुसऱ्याच्या स्टुडिओत जा, मॅनेजर टाकून आयलॉक खोचलं की काम सुरू. घराच्या किल्लीसारखं आहे, कुलूप कुठल्याही दाराला लावा, किल्ली खिशात. क्लाउडचा त्रास वेगळा, सेशन चालू असेपर्यंत नेट पण चालू लागतं, म्हणजे लाइट गेली, इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालू राहिला पण राउटर बंद पडला तर आर्टिस्ट माइकसमोर आणि प्रो टूल्स (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) लायसन्स शोधतंय. राउटर इन्व्हर्टरवर घेतलात तर क्लाउडही चालेल.

डाँगलचा एकच मोठा धोका, हरवणं किंवा तुटणं. लॅपटॉपच्या कडेला खोचून बॅगेत टाकू नका, त्यातच तुटतात. झीरो डाउनटाइम म्हणून वार्षिक पैसे भरून संरक्षण मिळतं, त्यात आयलॉक गेलं तर बदली येईपर्यंत तात्पुरती लायसन्स देतात. रोजचं कमर्शिअल काम असेल तर घ्या, हौसेखातर करत असाल तर नका घेऊ.

प्रश्न: माझ्याकडे जुनं क्युबेस (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) आहे, ११ च्या आधीचं, यूएसबी डाँगलवर चालतं. मित्र म्हणतो आता ते डाँगल बंद झालं, फेकून दे. खरंय का? नवीन पीसीवर न्यायचंय. (पुणे)

उत्तर: फेकू नका! मित्राचं अर्धं खरंय. क्युबेस बनवणाऱ्या स्टाइनबर्गचं ई-लायसन्सर (लायसन्स सांभाळणारी त्यांची जुनी पद्धत) हे २० मे २०२५ ला बंद झालं, म्हणजे त्यांचा सर्व्हर बंद झाला. त्यामुळे या पद्धतीचं लायसन्स आता नव्याने अ‍ॅक्टिव्हेट होत नाही आणि एका डाँगलवरून दुसऱ्यावर हलवता येत नाही. पण डाँगलवर आधीपासून जे लायसन्स आहे ते तिथेच आहे आणि चालतं. नवीन पीसीवर ई-लायसन्सरचं सॉफ्टवेअर टाका, मग क्युबेस टाका, डाँगल लावा. नव्या विंडोजवर जुनं क्युबेस सुरळीत चालेलच याची हमी कंपनी देत नाही, म्हणून जुना पीसी विकायची घाई नको. आणि ते डाँगल म्हणजे आता तुमची एकमेव प्रत आहे, हरवलं तर विषय संपला, बदली देणारं कुणी नाही.

ज्यांचं लायसन्स डाँगलवर नसून कॉम्प्युटरवरच्या सॉफ्ट ई-लायसन्सरमध्ये आहे (क्युबेसची छोटी आवृत्ती एलिमेंट्स वगैरे वापरणारे) त्यांनी तर त्या मशीनवर फॉरमॅट हा शब्दही काढू नये.

गंमत म्हणजे क्युबेस आणि डाँगल हे नातं पहिल्या दिवसापासूनचं. १९८९ साली अटारी कॉम्प्युटरवर आलेलं पहिलं क्युबेस पण मशीनच्या कार्ट्रिजच्या खाचेत डाँगल घातल्याशिवाय चालायचं नाही. ते सुटायला २०२२ उजाडलं, क्युबेस १२ पासून सगळं अकाउंटवर आलं आणि एका लायसन्सवर तीन कॉम्प्युटर चालतात. नवीन घेणार असाल तर फॉरमॅटआधी त्यांच्या अ‍ॅक्टिव्हेशन मॅनेजरमध्ये जाऊन डीअ‍ॅक्टिव्हेट करायची सवय लावा.

प्रश्न: वेव्ह्ज कंपनीची प्लगिन पेन ड्राइव्हवर ठेवली होती. भाच्याने त्यात पिक्चर घ्यायला तो फॉरमॅट केला. आता? (बेळगाव)

उत्तर: भाच्याला सोडून द्या. वेव्ह्जचं लायसन्स एका वेळी एकाच जागी असतं, कॉम्प्युटरवर, साध्या पेन ड्राइव्हवर किंवा त्यांच्या लायसन्स क्लाउडवर. जागा गेली तर वर्षातून एकदा लायसन्स रिकव्हर करायची सोय तुमच्या वेव्ह्ज अकाउंटमध्येच आहे. ती वापरली की लायसन्स क्लाउडवर परत येतात, तिथून त्यांच्या वेव्ह्ज सेंट्रल अ‍ॅपने पाहिजे तिथे घ्या. वर्षातून एकदाच, म्हणजे पुढच्या पेन ड्राइव्हवर मार्करने मोठ्ठं काहीतरी लिहा. क्लाउडवर ठेवलेलं लायसन्स नुसतं साठवलेलं असतं हं, आयलॉक क्लाउडसारखं तिथून चालत नाही, वापरायला ते मशीनवर किंवा पेन ड्राइव्हवर उतरवावंच लागतं. फॉरमॅटच्या आधी मात्र ठेवायला तीच जागा बरी.

प्रश्न: मॅकबुक बदलला. मायग्रेशन असिस्टंटने सगळं आलं, प्लगिनपण दिसतायत, पण अर्धी ऑथराइज करा म्हणतायत. जुना मॅक उद्या विकायचाय. (ठाणे)

उत्तर: उद्या नका विकू. प्लगिनच्या फायली आल्या, पण लायसन्स जुन्या मशीनच्या खुणांना बांधलेलं, ते नाही आलं. जुना मॅक चालू करा, एकेका कंपनीचं मॅनेजर उघडून डीअ‍ॅक्टिव्हेट करा, मग पुसा, मग विका. लॉजिकची (अ‍ॅपलचं गाणी करायचं सॉफ्टवेअर) चिंता नाही, ते अ‍ॅप स्टोअरमधून तुमच्या अ‍ॅपल अकाउंटवर आहे. एबलटन लाइव्ह हे सॉफ्टवेअर असेल तर सुरुवातीला दोन मशीनची ऑथरायझेशन मिळतात, ती संपली तर सपोर्टला लिहून वाढवून मिळतात. (नेट नसलेल्या मशीनवर लाइव्ह सुरू करायचं असेल तर त्यातला हार्डवेअर कोड लिहून घ्या, फोनवरून किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरवरून अकाउंटमध्ये तो कोड टाका, एक फाइल मिळते, ती आणून लाइव्हच्या विंडोवर सोडा. कोकणातून आणि मेळघाटातून हे विचारणाऱ्यांनाही हेच उत्तर.)

प्रश्न: या सगळ्या कटकटीपेक्षा क्रॅक बरा नाही का? आमच्या गावात सगळे डीजेवाले तेच वापरतात. एकजण व्हॉट्सअ‍ॅपवर ५०० रुपयात लाइफटाइम अकाउंट पण देतोय. (लातूर जिल्हा)

उत्तर: प्रश्न प्रामाणिक आहे म्हणून छापला. इमानदारीने पैसे भरणाऱ्याला ताप आणि क्रॅकवाला निवांत, हे दिसतं तसं खरंच आहे आणि कंपन्यांनी त्याची लाज बाळगावी. पण तुमच्या बाजूने बघू. क्रॅक टाकताना पहिली सूचना काय असते? अँटिव्हायरस बंद करा. त्याच मशीनवर तुमचं यूपीआयचं आणि बँकेचं लॉगिन, तुमच्या यूट्यूब चॅनेलचं लॉगिन. चॅनेल गेलं की परत मिळवताना नाकी नऊ येतात. शिवाय विंडोज बदललं की क्रॅक चालेलच असं नाही, तेव्हा सपोर्टला मेल कुणाला करणार?

५०० रुपयांचं अकाउंट म्हणजे एकच अकाउंट पन्नास जणांना विकलेलं. आज ना उद्या खरा मालक किंवा कंपनी पासवर्ड बदलते, आणि तो व्हॉट्सअ‍ॅप नंबर बंद. कायद्याचं पण सांगते, कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ ब प्रमाणे बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती वापरली तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड अशी तरतूद आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद टाळून नुसता ५० हजारांपर्यंतचा दंड करू शकतं. तुम्ही सुपारी घेऊन वाजवत असाल तर तो धंदा झाला.

प्रश्न: मी शिकतोय, बजेट कमी. असं काही आहे का ज्यात हे मशीन मोजणं नाहीच? (सातारा)

उत्तर: रीपर, रेकॉर्डिंग-मिक्सिंगचं सॉफ्टवेअर. ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं, नंतर सवलतीचं लायसन्स ६० डॉलर. वैयक्तिक वापर असेल किंवा धंद्यातली वर्षाची कमाई २० हजार डॉलरच्या आत असेल तर हेच घ्यायचं, त्यावर कमावणाऱ्यांना २२५ डॉलर. आपल्यातल्या बहुतेकांना ६० वालंच लागू. लायसन्स म्हणजे मेलवर आलेली एक छोटी फाइल, ती जपून ठेवा, सर्व्हरला विचारायचं नाही, मोजणी नाही. पेन ड्राइव्हवर आख्खं रीपर टाकून कॉलेजच्या मशीनवरही चालवता येतं. दिसायला कोरडं आहे, आतमध्ये तबला-ढोलकीचे आवाज नाहीत, लूप नाहीत, ते तुम्हाला जमवावे लागतील. रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग शिकायला मला तरी यापेक्षा बरं काही सुचत नाही, बीट बनवायचीच आवड असेल तर मात्र एफएल.

प्रश्न: कॉन्टॅक्टच्या (वाद्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणारं प्लगिन) लायब्ररी, म्हणजे आवाजांचे संच, मिळून २०० जीबीच्या वर आहेत. फॉरमॅटनंतर सगळं परत डाउनलोड करायचं का? माझ्याकडे रोजचा दीड जीबीचा पॅक आहे. (वाई)

उत्तर: दीड जीबीने करायला गेलात तर चार-पाच महिने लागतील. नाही, काही गरज नाही. लायब्ररी सी ड्राइव्हवर असतील तर फॉरमॅटआधी त्यांची फोल्डरं जशीच्या तशी एक्स्टर्नल एसएसडीवर कॉपी करा. नवीन विंडोजवर नेटिव्ह अ‍ॅक्सेस (कॉन्टॅक्टवाल्या कंपनीचं मॅनेजर अ‍ॅप) टाका, लॉगिन करा, ज्या लायब्ररी इन्स्टॉल नाहीत म्हणून दिसतायत त्यांना इन्स्टॉल न म्हणता लोकेट म्हणा आणि ते फोल्डर दाखवा. अ‍ॅक्टिव्हेशनपुरतं नेट लागेल, ते मोबाइलच्या हॉटस्पॉटवर होतं. नेटिव्ह अ‍ॅक्सेसमध्ये न दिसणाऱ्या छोट्या कंपन्यांच्या लायब्ररी कॉन्टॅक्टच्या फाइल ब्राउझरमधून थेट उघडा, पण त्यातल्या बऱ्याच पूर्ण पैसे भरलेल्या कॉन्टॅक्टवरच चालतात, फुकटच्या प्लेअरवर काही मिनिटांत डेमो होऊन बंद पडतात, तेव्हा लायसन्स गेलं म्हणून घाबरू नका. आणि एसएसडीला विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून एक अक्षर कायमचं देऊन टाका, एल द्या, एस द्या, काहीही द्या. नाहीतर आज ई आणि उद्या पेन ड्राइव्ह आधी लावला म्हणून एफ, आणि कॉन्टॅक्ट प्रत्येक प्रोजेक्टला सॅम्पल सापडत नाहीत म्हणून विचारत बसतो.